झोन दोनमधला नवरा

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार,

तुमची तब्येत कशी आहे? व्याह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं लेकीकडून कळलं. आता त्यांना घरातला सगळा पसारा स्पष्ट दिसायला लागलाय आणि त्यामुळे तुमच्या मागचा ताप वाढलाय, असंही कळलं. काळजी घ्या, दोघांचीही. इथे "आमच्याकडे सगळं ठीक आहे" असं लिहायची पद्धत आहे. तेवढी जागा मी कोरी सोडते आहे. ज्या दिवशी ठीक होईल त्या दिवशी ते वाक्य वेगळं लिहून पाठवीन, तुम्ही चिकटवून घ्या.

फोनच केला असता, पण आमच्या घरातले फोन सध्या सायकलच्या सेवेत आहेत. यांचा फोन हँडलवर बसवलेला असतो, आणि यांचा फोन कुठे चाललाय यावर माझा फोन लक्ष ठेवतो. शिवाय मी फोनवर बोलायला लागले की हे पलीकडच्या खोलीतून "कुणाशी गं?" म्हणून विचारतात, आणि मग मला तुमच्या चिरंजीवांविषयी चांगलंच बोलावं लागतं. (एक खुलासा आधीच करून ठेवते. या पत्रात जिथे "आमचे जावई" येईल तिथे कौतुक समजावं, आणि जिथे "तुमचे चिरंजीव" येईल तिथे तक्रार. कोणतं किती वेळा आलं ते मात्र मोजायला बसू नका. मोजणारी माणसं आमच्याकडे हवी तेवढी आहेत.)

आमच्या यांची नोकरी तुम्हाला ठाऊकच आहे. वजनमापे निरीक्षक. आयुष्यभर दुकानोदुकानी जाऊन तराजू खरा बोलतो की खोटा, हे तपासत हिंडले. असा माणूस घरी मुळातच कमी बोलतो, कारण बोललेलं वाक्य पुरेपूर भरलं की नाही हे त्याला कुठे ठेवून बघता येत नाही. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने हे खाली माझ्या दुकानात येऊन बसायचे. मी चित्रांना फ्रेमा करून देते, तर हे खिशातून पट्टी काढून फ्रेमेचे चारही कोपरे तपासायचे, तेही गिऱ्हाइकासमोर. एका बाईंच्या आजोबांचा फोटो "उजवीकडे किंचित उतरता" आहे असं यांनी सांगितलं, आणि नीट बघितल्यावर फ्रेम सरळच होती, आजोबाच उतरते बसले होते, असं निघालं. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. तेव्हा मीच हट्ट करून दोन सायकली घरात आणल्या, हे मान्य करते. म्हणजे मूळ दोषी मीच, असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण मी सायकल आणली होती, प्रयोगशाळा नव्हे.

दर रविवारी दुकान बंद, म्हणून आम्ही दोघं निघायचो. कुठे, ते ठरलेलं नसायचं. कालव्याच्या कडेने जायचं, कुणाचं घर बांधायचं चाललं असेल तर उतरून बघायचं, जिना कुठे घेतील यावर वाद घालायचा, रेल्वेच्या फाटकाशी थांबून जाणाऱ्या गाडीचे डबे बघायचे. एकदा किटलीचं झाकण आणायला म्हणून गेलो आणि कॅरिअरला खुर्ची बांधून परत आलो. (झाकण अजून आणायचं आहे.) आणि विहीणबाई, महत्त्वाचं सांगते ते हे की सायकलवर हे बोलायचे. घरात समोरासमोर बसलं की तोंडाला कुलूप, पण शेजारी शेजारी सायकली चालायला लागल्या की कुणीतरी चावी फिरवल्यासारखे सुरू व्हायचे. लहानपणच्या गोष्टी, साहेबांच्या गोष्टी, एका दुकानदाराने तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेल्या च्युइंगगमची गोष्ट. इतक्या वर्षांच्या संसारात मला जे कळलं नव्हतं ते मला त्या कालव्याच्या कडेला कळलं. आम्ही किती वेगाने जायचो, ते कुणालाच माहीत नव्हतं. कालव्यातलं पाणी आमच्यापेक्षा जरा जोरात जायचं, एवढंच आठवतं.

मग उन्हाळ्यात आमचे जावई आले. (कौतुक. मुलगा सोन्यासारखा आहे. आल्या आल्या माझ्या दुकानातली गळकी खिडकी दुरुस्त केली.) आम्ही फिरून परतलो, तर त्यांनी यांना अगदी सहज, पाणी देता देता विचारलं, "बाबा, ॲव्हरेज किती पडतं तुमचं?" बस. एवढंच. यांचा चेहरा असा उतरला, जणू निरीक्षकाच्या स्वतःच्याच घरात खोटं वजन सापडावं. हे म्हणाले, "म्हणजे... मोजलं नाही कधी." त्या दुपारी हे जेवले नाहीत. आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या चिरंजीवांनी (बघा, आले) यांच्या मनगटाला एक घड्याळ, छातीला एक पट्टा आणि हँडलला एक पडदा बसवून दिला होता, आणि हिवाळ्यातल्या शंभर किलोमीटरच्या सायकलफेरीत यांचं नाव घातलं होतं. फ्रिजच्या दारावर वेळापत्रक लागलं. त्यात निळे दिवस, लाल दिवस आणि पांढरे दिवस. आमच्या लग्नाचा वाढदिवस लाल दिवशी आला होता. तो पुढे ढकलता येईल का, असं यांनी मला विचारलं.

आता तुम्ही शाळेत खेळ शिकवलेत, तुम्हाला हे सगळं समजत असेल. मला जेवढं समजलं ते सांगते. निळ्या दिवशी सायकल "झोन दोन"मध्ये चालवायची. म्हणजे इतकी सावकाश, की चालवता चालवता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. हे ऐकून मला वाटलं, चला, आपलंच राज्य आलं, आपण तर बोलतच चालवतो. कसलं काय! हे बोलायचेच बंद झाले. सगळा वेळ पडद्याकडे बघत असतात, आपल्याला बोलता येण्यासारखी परिस्थिती आहे की नाही, याची खात्री करत. मध्येच खात्री करायची म्हणून एक वाक्य मोठ्याने बोलतात. ते मला उद्देशून नसतं. "व्यापारी वजनांची पडताळणी विहित मुदतीत करून घेणे बंधनकारक आहे!" एवढं एका दमात निघालं की हे समाधानाने मान हलवतात आणि पुढचा मैलभर गप्प. पूल ओलांडताना समोरून येणारा एक भाजीवाला हे ऐकून घाईघाईने गाडी वळवून दुसऱ्या गल्लीत गेला.

बरं, सावकाश म्हणजे किती सावकाश? छातीचे ठोके ठरलेल्या आकड्यावर गेले की पडदा ओरडतो. पुलाचा चढ आला की तो ओरडतोच. मग हे खाली उतरतात आणि सायकल ढकलत नेतात. मी वर जाऊन उभी राहते. कुत्र्याला फिरवणाऱ्या आजीबाई यांना मागे टाकून वर येतात. मग कुत्रं येतं. मग हे येतात, आणि मला म्हणतात, "तू फार जोरात चालवतेस. पाया कच्चा राहील तुझा." लाल दिवशी याच्या बरोबर उलट. त्या दिवशी इंटरव्हल. शिट्टी वाजली की हे जीव घेऊन पळतात, दुसरी वाजली की मेल्यासारखे होतात, तिसरीला पुन्हा पळतात. बघणाऱ्याला वाटावं, या गृहस्थांचा कुणीतरी पाठलाग करतंय आणि तो पाठलाग करणारा मध्ये मध्ये विसावा घेतोय. आणि पांढरा दिवस विश्रांतीचा. त्या दिवशी सायकलला हात लावायचा नाही. हवा कितीही सुरेख असो, हे खिडकीत बसून रस्त्याकडे बघत राहतात, शाळेने घरी पाठवलेल्या मुलासारखे. मी म्हटलं, "अहो, नुसतं कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." तर म्हणाले, "अगं, आज माझे स्नायू बनतायत. त्यांना त्रास नको." मला होणारा त्रास कोणत्या रंगाच्या दिवशी मोजला जातो, ते वेळापत्रकात कुठे लिहिलेलं नाही.

पावसापाण्यासाठी म्हणून तुमच्या चिरंजीवांनी एक स्टँड पाठवलं. सायकलचं मागचं चाक काढायचं, सायकल त्यावर बसवायची आणि दिवाणखान्यात चालवायची. दिवाणखान्याच्या बरोबर खाली माझं दुकान. सकाळी हे वर पायडल मारायला लागले की खाली भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमा एका लयीत थरथरतात. लोक छताकडे बघतात. एका चित्रकाराने मला हळूच विचारलं, वर छापखाना आहे का. मी "हो" म्हणून सांगितलं. "वर माझे यजमान आहेत आणि ते कुठेही न जाता अतिशय वेगाने चाललेत" हे मला त्या वेळी सांगवेना. वरच्या गालिच्याची घामाने जी दशा झाली आहे तिच्याविषयी लिहीत नाही. तुमचं जेवण व्हायचं असेल.

पट्ट्याचं मात्र सांगितलंच पाहिजे. हे तो काढायला विसरतात आणि दिवसभर घालून हिंडतात. यांचे ठोके तुमच्या चिरंजीवांना त्यांच्या ऑफिसात बसून दिसतात. एकदा त्यांचा काळजीने फोन आला. "बाबा, काल दुपारी एकदम केवढे वर गेले होते! चढ होता का?" हे म्हणाले, "नाही रे. तुझ्या सासूबाई होत्या." यावर दोघंही हसले, आणि मग तुमच्या चिरंजीवांनी गंभीरपणे सांगितलं की असा ताण लाल दिवसाच्या आदल्या दिवशी टाळायला हवा. तेव्हापासून मी काही बोलायला तोंड उघडलं की हे मनगट वर करतात आणि म्हणतात, "थांब, चढायला लागले." विहीणबाई, ज्या घरात बायकोच्या बोलण्याचा आलेख निघतो त्या घरात बाईने बोलायचं तरी काय?

एवढंही मी सोसलं असतं. पण कालव्यावर जे झालं त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निळा दिवस होता. मी पुढे, हे मागे. माझ्या पुढच्या चाकाखाली काहीतरी कचकन् वाजलं, टायर बसला, आणि मी सायकलसकट कडेच्या उतारावरून घरंगळत खाली खाजऱ्या झुडपात. गुडघा सोलवटला, चष्मा कुठेतरी उडाला. मी हाक मारली. हे आले. आणि थांबले नाहीत. थांबले नाहीत म्हणजे निघून गेले असं नव्हे. वरच्या रस्त्यावर जिथे जरा मोकळी जागा आहे तिथे हे गोल गोल फिरायला लागले. मी खाली झुडपात, आणि हे माझ्या डोक्यावरच्या बाजूला घारीसारखे घिरट्या घालतायत.

"लागलं का गं?" एका फेरीत.

"अहो, उतरा ना खाली!"

"उतरलो की ठोके खाली जातील." दुसऱ्या फेरीत. "थोडंच राहिलंय. तू हलू नकोस."

"मला हलताच येत नाहीये!"

"मग उत्तम." तिसऱ्या फेरीत, आणि हे त्यांनी खरोखर धीर द्यायला म्हटलं होतं, हेच जास्त वाईट.

शेवटी पलीकडे गळ टाकून बसलेल्या दोघा माणसांनी येऊन मला वर काढलं. एकाने चष्मा शोधून दिला. दुसरा बराच वेळ यांच्याकडे बघत होता. त्याने मला विचारलं, "हे कोण आहेत?" मी म्हटलं, "तोंडओळख आहे." तेवढ्यात यांची शिट्टी वाजली आणि हे उतरून धावत आले, रुमाल ओला केला, गुडघा पुसला, सगळं केलं. पण मी ती सायकल ढकलत ढकलत घरी आले आणि वाटेत एक अक्षर बोलले नाही. पुढेही बोलले नाही. फ्रिजच्या दारावर चिठ्ठ्या लावायला लागले. यांचे ठोके त्या आठवड्यात फार सुरेख राहिले म्हणे.

यांनी ही गोष्ट तुमच्या चिरंजीवांना सांगितली. आणि त्यांनी काय करावं? दुसऱ्या दिवशी फ्रिजवर नवीन वेळापत्रक. त्यात रविवारचा चौकोन पिवळा, आणि पिवळ्यात लिहिलेलं: "आनंद". म्हणजे आता रविवारी आनंदाने सायकल चालवायची, आणि घरी आल्यावर आनंद किती झाला ते दहापैकी आकड्यात भरायचं. मी कपाळाला हात लावला. पण हे मात्र नेहमीप्रमाणे चोख. पहिल्या पिवळ्या रविवारी यांनी मला आग्रहाने बरोबर नेलं, गुडघ्याची चौकशी केली, आणि कालव्याशी येताच ब्रेक लावून म्हणाले, "बगळा बघू या." आम्ही बगळा बघितला. मी वळले तर म्हणाले, "अजून थोडा बघू." बगळाच कंटाळून उडाला. मग बांधकाम बघितलं, फाटकाशी उभे राहिलो, सगळं यथासांग केलं. दर वळणावर "मजा येतेय ना?" घरी येऊन यांनी सात आकडा भरला. माझ्या मौनाचा तिथे भंग झाला. मी विचारलं, "बाकीचे तीन कुठे गेले?" हे विचार करून म्हणाले, "येताना वारा समोरून होता." विहीणबाई, मला रडू आलं. खरंच. मी दुकानात जाऊन काचा पुसत बसले. कुणी परका माणूस माझ्या नवऱ्याचे कपडे घालून माझ्याबरोबर फिरून आला, असं वाटत होतं, आणि त्या परक्याने मला सात गुण दिले होते.

लेकीला माझा आवाज कळला असावा, कारण पुढच्या शनिवारी दोघंही येऊन थडकले. रविवारी सकाळी यांचा दिवस अचानक पांढरा ठरला. (ते आमच्या लेकीचं काम. तिने परस्पर रंग बदलला. सूनबाई तुमच्याकडे असं काही करते का, ते कळवा.) तुमच्या चिरंजीवांना स्वतःची लांब फेरी पुरी करायची होती. निघता निघता मला नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "आई, येता?" मी म्हटलं, "येते." त्यांना वाटलं नव्हतं मी येईन. मी कालव्याची वाट धरली. ते काही वेळ पुढे जाऊन परत येत राहिले, मग कंटाळून शेजारून चालवायला लागले. पडदा सारखा कुरकुरत होता, की हे काय चाललंय. शेवटी कालव्याचं पाणी सोडतात त्या दरवाजाशी बाक आहे तिथे मी सायकल टेकवली आणि उकडलेली अंडी नि चहाचा थर्मास काढला. ते उभेच. म्हटलं, बसा, थंड होईल. बसले. पडदा बंद केला नाही, पण फोनचा आवाज मिटवून त्यावर हातमोजा टाकला.

मी भांडायच्या तयारीनेच आले होते. वाक्यं सुद्धा जुळवून ठेवली होती. पण चहा संपल्यावर ते अंड्यांची टरफलं गोळा करता करता म्हणाले, "आई, मला न मोजता काही केलं की चोरी केल्यासारखं वाटतं." मी विचारलं, असं कधीपासून? तर म्हणाले, आठवतंय तेव्हापासून. म्हणाले, बाबांना रविवारी निघताना बघून मला हेवा वाटायचा, आणि मला वाटलं, मला जे येतं ते त्यांना दिलं तर आम्ही दोघं मिळून काहीतरी करू. वडील माणसाशी काय बोलायचं ते सुचत नाही, आकडे असले की सुचतं. आता यावर माझी जुळवलेली वाक्यं कुठे बसवू, सांगा! (तुम्ही त्यांना लहानपणी शिट्टी वाजवून पळवत होता, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल मी एक शब्द बोलत नाही. मीही आमच्या लेकीचं अक्षर पट्टी लावून बघत असे.) मी त्यांच्या हातात अजून एक अंडं दिलं.

इकडे घरी वेगळंच रामायण. हे खिडकीत बसून, मी घरीच ठेवलेल्या माझ्या फोनवर तुमच्या चिरंजीवांचा ठिपका बघत होते. ठिपका पाण्याच्या दरवाजाशी थांबला. हलेना. लांब फेरीत जावई थांबत नाहीत, हे यांना पक्कं माहीत. मी बरोबर, माझा गुडघा असा, आणि शेजारी खोल पाणी. दोनदा फोन केला म्हणे, पण त्यांचा फोन हातमोज्याखाली गप्प होता. तेव्हा यांनी पट्टा लावला नाही, घड्याळ घातलं नाही. यांची सायकल स्टँडवर मागच्या चाकाविना. म्हणून आमच्या लेकीची शाळेतली, पुढे टोपली असलेली सायकल काढली आणि घरातल्या पायजम्यात निघाले. आम्ही बघतोय तो समोरून धूळ उडवत एक माणूस येतोय, पायजम्याचा एक पाय चेनमध्ये अडकून गुडघ्यापर्यंत फाटलेला, तोंडाने श्वास, टोपली थाड थाड आपटतेय. यांनी ब्रेक लावला की नाही कोण जाणे. सायकल सोडूनच दिली. ती तशीच पुढे जाऊन आडवी झाली, आणि हे माझे दोन्ही दंड धरून उभे राहिले.

मग एवढंच म्हणाले, "थांबलात का?"

"चहा प्यायला," मी म्हटलं.

"चहा?"

"घेता का?"

हे आधी तुमच्या चिरंजीवांवर ओरडले. मग माझ्यावर. मग बाकावर बसले आणि इतकी शिवीगाळ केली की पलीकडच्या गळवाल्यांनी वळून बघितलं. कुणाला उद्देशून ते यांनाही ठाऊक नसावं. मध्ये दम घ्यायला थांबले तेव्हा मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, तर पाठ नुसती धडधडत होती. किती ठोके ते कुणाला माहीत नाही. पट्टा घरी खुंटीवर होता. आमच्या जावयांनी (हे मनापासून) फाटलेला पायजमा चेनमधून सोडवून दिला आणि एकदाही विचारलं नाही, की बाबा, इथवर किती वेळात आलात. विचारायचं होतं हो त्यांना, ओठांवर आलेलं मला दिसत होतं. गिळलं.

परत येताना आम्ही तिघं रस्ताभर आडवे पसरून चाललो होतो, आणि हे बोलत होते. जुन्या एका साहेबांची गोष्ट, जी मी ऐकली नव्हती, ते साहेब बाजारात खोट्या मिशा लावून तपासणीला जायचे आणि सगळे दुकानदार त्यांना मिशांवरूनच ओळखायचे. तुमच्या चिरंजीवांना हसताना तोल सांभाळेना. घरी पोचल्यावर तह झाला. आठवड्यातले काही दिवस वेळापत्रकाचे, त्यात मी तोंड घालायचं नाही. रविवार माझा, आणि त्या दिवशी घड्याळ माझ्या दुकानाच्या गल्ल्यात राहील. हे तह पाळतायत. म्हणजे तसे पाळतायत. कालच्या रविवारी चढावर माझ्या लक्षात आलं, की यांचे ओठ हलतायत. मी विचारलं, काय मोजताय? म्हणाले, "काही नाही, गाणं." विहीणबाई, हे गाणं म्हणत नाहीत. पण बोलतायत, म्हणून मी सोडून दिलं.

तेव्हा माझी विनंती इतकीच, की तुम्ही आई आहात, तुमचं ते ऐकतील. कधीतरी त्यांना हातात काही न देता, कुठलीही शिट्टी न वाजवता, नुसतं फिरायला घेऊन जा. आणि आमच्या यांना आता नवीन काही यंत्र पाठवू नका म्हणावं. माणसाने सायकल चालवावी ती मोकळ्या मनाने. वेळापत्रक फ्रिजवर लावून माणूस फक्त फ्रिजकडे बघायला शिकतो, हे माझं ठाम मत आहे आणि ते बदलणार नाही.

व्याह्यांना नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर घालायला सांगा.

तुमची,
(सध्या तरी शाबूत असलेली)
विहीण

ता. क. त्या हिवाळ्यातल्या सायकलफेरीत बायकांच्या जोडीचा एक गट आहे, आपल्या वयाच्या बायकांसाठी. मी नाव दिलंय. जोडी असल्यामुळे दुसरंही नाव द्यावं लागतं, ते तुमचं दिलंय. रागावू नका. तुम्ही अजून रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारता, हे लेकीने सांगितलं तेव्हाच मी ठरवलं होतं. गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या जोडीचा फोटो बघितला. तशा काही विशेष वाटत नाहीत.

ता. क. दुसरा. तुमच्या चिरंजीवांकडून एक वेळापत्रक मागून घ्या. तुमच्यासाठी हवंय म्हणा, माझं नाव काढू नका. आणि जरा कडक द्यायला सांगा. यांना दिलेलं मी केव्हाच पुरं केलंय. दुपारी हे वाचनालयात जातात आणि दुकान बंद असतं, तेवढ्यात वर जाऊन उरकते. स्टँडवरच्या सायकलची सीट रोज खाली कशी सरकते ते यांना कळत नाही. स्क्रू ढिला आहे म्हणून दोन पाने आणले.

ता. क. तिसरा. हे पत्र पेटीत टाकायला आम्ही दोघांनी कालव्याकडून लांबचा फेरा मारून जावं, असं यांच्या मनात आहे. आज रविवार नाही, तरी घड्याळ न घालता केव्हाचे दारात सायकल धरून उभे आहेत आणि "चल ना गं, हवा बघ काय सुंदर आहे" म्हणून हाका मारतायत. आता यांना काय सांगू? आज माझे इंटरव्हल आहेत.